अंगावरचे दोन टाके

बेहाला,
७ डिसेंबर २०२३

ती. विजयाताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. एस्प्लनेडच्या फुटपाथवर पडदे शिवून विकायचो, तेव्हा गिऱ्हाइकाच्या नुसत्या खोकण्यावरून ओळखायचो, घेणार की कापड चिवडून जाणार. कान अजून तसेच आहेत. पण माझी शकुन गेल्यापासून घरात ऐकण्यासारखं काही उरलं नाही.

तिची गच्चीवरची शेवंती आता सूनबाई बघते. आभा बंगाली, डमडमला वाढलेली. तिची मराठी अशी, की ‘बाबा, माझा साडीत माटी लागला’ म्हणते आणि वर स्वतःच हसते. उन्मेष बँकेच्या ट्रेनिंगला हैदराबादेत, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. परवा तिला बागकामासाठी ॲप्रन शिवून दिला. पडद्याचं उरलेलं जाड कापड, आणि पुढचा मोठा खिसा शकुनच्या जुन्या इरकलीचा. गळ्याची पट्टी सैल झाली. तिला घाई, म्हणून काढायला न लावता अंगावरच दोन टाके मारले. छान बसलाय.

गुडघे कसे आहेत ते कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दत्तू


सांगली,
१६ डिसेंबर

चि. दत्तूस,
अनेक आशीर्वाद.

जन्मभर शिवणात गेला आणि अंगावर शिवू नये एवढं विसरलास? अगदीच अडलं तर आई तोंडात काडी धरायला लावायची. काडी चावणारं माणूस जिवंत आहे, हे सुईला कळावं म्हणून. त्यात तू गेलेल्या बाईचं लुगडं लावलंस. तुला हसू येईल, येऊ दे. पण ते टाके उसव. गुडघे आहेत तसेच आहेत.

तुझी,
ताई


बेहाला,
२८ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हसलो होतो खरा. आता हसत नाही.

आभा ॲप्रन काढत नाही, जेवतानाही नाही. तिची मराठी एकदम स्वच्छ झालीय, थेट आपल्याकडची. जिना उतरताना डावा पाय किंचित ओढते. डोळे मिटून ऐकतो, तर शकुनचंच पाऊल. डमडमहून तिच्या आईचा फोन आला, तर हिनेच कोण बोलतंय म्हणून विचारलं. उन्मेषला फोनवर म्हणाली, ‘बाळा, वेळेवर जेवतोस ना?’ आपल्या नवऱ्याला, ताई. तो हसला. त्याला वाटलं, चेष्टा.

कात्री घेऊन दोनदा गच्चीवर गेलो. दोन्ही वेळा तिने पाठमोरीच विचारलं, ‘अहो, चहा ठेवू?’ आणि माझा हात चालला नाही. ही हाक पुन्हा ऐकेन असं वाटलं नव्हतं.

रागावशील, तरी अंतर देऊ नकोस.

दत्तू


सांगली,
५ जानेवारी २०२४

चि. दत्तूस,
आशीर्वाद.

शकुन तुझी होती. ही पोर दुसऱ्याची लेक आहे. तिच्या आईने उद्या दारात येऊन विचारलं, माझी मुलगी कुठाय, तर काय दाखवशील? पत्र वाचून झालं की उसव. मग चहा पी.

ताई


बेहाला,
१४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उसवले. शेवंतीपाशी बसली होती. मनगट धरलं तिने माझं, घट्ट. ‘एवढ्यात नको हो,’ म्हणाली. मी दुसरीकडे बघून दोरा कापला. आभाने आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाली, ‘बाबा, एवढा माटी कसा लागला?’ आईला फोन लावून रडली. काही दिवस डमडमला धाडलंय तिला. सुखरूप आहे. ते काम झालं.

त्यानंतर घर इतकं गप्प झालं, की नळ गळेल तर बरं असं वाटायला लागलं. ॲप्रन टाकून द्यायचा म्हणून उचलला, आणि गळ्यात घालून बघितला. मला पट्टी सैलच होती. आरशासमोर उभा राहून दोन टाके घातले. काडी शोधली नाही.

वन्सं, तुम्ही यांच्यावर रागावू नका. शेवंतीच्या काड्या लावायच्या आहेत, ऊन उतरलं की वर जाईन. अक्षर यांचं दिसेल, कारण हात यांचाच आहे. यांचा आत्ताच डोळा लागलाय. फार दमले होते बिचारे, मी काही उठवत नाही.

लोभ होता तसाच असू द्या.

तुमची,
शकुन