सासूच्या खिळ्यावरची राणी

१२ एप्रिल, शनवार

आज मी खोटं बोलली. तेही पाहुणीशी, अन् तिनंच आणलेली बिस्किटं खाता खाता.

वाशिमहून एक पोट्टी आली होती. उज्ज्वला नाव. पाठीवर बॅग, डोक्यावर चष्मा. म्हणे, "आजी, मी जुने फोटो गोळा करते. तमाशावाले, भजनवाले, बहुरूपी, आपल्या भागात जे नाचले-गायले त्यांचे. चार मेला आपल्याच वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावात मांडणार आहे. तुमच्या केनवडची तमाशा पार्टी गाजलेली होती म्हणतात. तुमच्याकडे आहे का एखादा?"

"नाही," म्या म्हटलं. "आमच्याकडे देवाचे अन् मेलेल्याइचे, बस."

तिनं भिंतीकडं पाह्यलं. "ह्या कोण?"

"सासू. जमनाबाई."

पोट्टीनं उठून फोटोले हात जोडले. मले असं हसू आलं का पदर तोंडात कोंबावा लागला. तिले वाटलं, म्हातारीले सासूच्या आठवणीनं भरून आलं. मले पाणी आणून देलं बिचारीनं.

हे हसू पोटात राहून नाही राह्यलं, म्हणून राखीची जुनी वही घेतली. राखी माही नात. कॉलेजात अर्धी वही भरली अन् फेकून देली, पैसा उगवते ना झाडाले. मी तिसरी पास आहे. चुका होतीन. वही माही, चुका माह्या.

१३ एप्रिल

लिहूनच टाकते. भिंतीवरची ती बाई सासू नाही. तो माहा नवरा आहे.

पुंजाजी. अकरा वर्षं झाले जाऊन. लगनाच्या आधीपासून गावच्या तमाशा पार्टीत बाईचं काम करे. राणी व्हायचा. लोकं नाच्या म्हणत, तोंडावर बी अन् पाठीमागं बी. मालेगावच्या जत्रेत खेळ झाला, तवा फोटोवाल्यानं बागेचा पडदा लावून एकेकाचा फोटो काढला. नऊवारी, नथ, पायात चाळ, कपाळभर कुंकू, हनवटीवर गोंदण.

सासूले म्या पाह्यलंच नाही. मी या घरात यायच्या आधीच्या साली ती गेली. मी आली तं हा फोटो खिळ्यावर होता अन् नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगे, "ही माही माय." म्या पाह्यला अन् पहिल्याच दिवशी इचारलं, "तुमचा बाप तं तुमी पाळण्यात होते तवाच गेला. मंग विधवा बाईच्या कपाळावर कुंकू कसं? अन् पायात चाळ कायले?"

त्यानं फोटोकडं पाह्यलं. मंग हसला. "अवं, तो मीच आहे. मायचा फोटो कोणी काढलाच नाही. तोंड सारखं, म्हणून लावला. कोणाले सांगू नको."

"अन् गोंदण?"

"काजळाचं."

पंचावन्न वर्षं झाले, सांगतलं नाही कोणाले. गावातल्या म्हाताऱ्या येत, फोटो पाहत, म्हणत, "जमना हुबेहूब." मी चुलीत फुंकर मारत हसे. धुरानं डोळे वाहते असं वाटे त्याइले.

१४ एप्रिल

जित्या नवऱ्याच्या फोटोले हार घालणारी मी एकटीच असन साऱ्या जिल्ह्यात. दरसाल भांडण. मी म्हणे, "तुमचं आयुष्य घटन." तो म्हणे, "माह्यं काहून घटन? हार राणीले आहे." अन् त्याच फोटोखाली बसून पुरणपोळी खाये.

१७ एप्रिल

उज्ज्वलाले नाही काहून म्हटलं, ते बी लिहिते. भेव फोटोचं नाही. देवानंदचं आहे.

देवानंद माहा लेक. नऊ वर्षांचा होता तवा शाळेतून ओठ फुटून आला. पोरं टाळ्या वाजवून "नाच्याचा पोरगा, नाच्याचा पोरगा" म्हणत, अन् ह्यानं एकाले दगड मारला. घरी येऊन बापाले म्हणे, "मी तुहा पोरगा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाजीनं परसात सारं जाळलं. लुगडी, केसाचा टोप, पार्टीचे फोटो. चाळ जळत नाहीत म्हणून विहिरीत टाकले. त्यानंतर कधी गाणं म्हटलं नाही. बैल हाकताना बी नाही. सासूच्या खिळ्यावर होता म्हणून एवढा एक फोटो वाचला.

देवानंद आता बावन्न वर्षांचा आहे. गावात तमाशाचं नाव निघालं का उठून जाते. आजी समजून त्या फोटोले हार घालते, हात जोडते.

२१ एप्रिल

उज्ज्वलाचा फोन.

"आजी, एक इचारू? तुमच्या सासूबाई मालेगावात ढोलकीवाल्या जानरावजींच्या पेटीत काय करून राह्यल्या?"

लबाड पोट्टी. वाशिमची भाषा सोडून माह्या भाषेत बोलली.

तोच फोटो, दुसरी प्रत. मागं शाईनं लिहेल, 'पुंजाजी, केनवड, राणी'. जानरावजी पार्टीत ढोलकी वाजवत. पंच्याऐंशीचे झाले, डोळ्यानं दिसत नाही म्हणे.

म्या फोन दुसऱ्या कानाले लावला.

"आजी, तुमी हो म्हणाल तरच लावीन. नाव बी तवाच लिहीन. नाहीतं बंद पेटीत राहीन."

म्या म्हटलं, इचार करते. आजवर मले एवढं कोणी इचारलं नाही. लगनातही नाही.

२४ एप्रिल

कामरगावचे लोकं राखीले पाहाले आले. पोरगा बरा आहे. पायाकडं पाहून बोलते, पण बोलते. राखी स्वैपाकघरात येऊन म्हणे, "आजी, मले चालते." कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या तिच्या.

पोराच्या मायनं भिंतीकडं पाह्यलं अन् म्हणे, "पोरगी पणजीवर गेली."

देवानंद फुलला. "आमच्या आजीचं नाक आहे."

मंग पोराचा मामा बोलला. मिशीले हात लावल्याशिवाय त्याले वाक्य येत नाही. "आमाले देणं-घेणं काही नको. फकस्त घराणं चोख पाहिजे."

मालेगाव का लंडनले आहे? कामरगावचं कोणी ना कोणी फोटो पाहीनच. नाव वाचीन. राखीचं जमलेलं मोडन, अन् देवानंद मले बोलणार नाही.

२६ एप्रिल, शनवार

नाही म्हणून फोन करावा म्हणून दोनदा उचलला. केला नाही.

देवानंद झाला तवा मले महिनाभर ताप होता. माहेरचं कोणी आलं नाही. ह्या माणसानं माह्या डोक्यातल्या उवा काढल्या. केस धुतले, तीन पेडाची वेणी घातली. लुगडं नेसवलं. नेसवताना म्हणे, "निऱ्या अशा नाही खोचत, नाचता नाचता सुटतीन." मी तापात बी हसली. शेजारच्या बाया दारातून पाहत, कुजबुजत. त्याइच्या नवऱ्याइले बायकोच्या वेणीचे पेड किती हे बी माईत नव्हतं. बाई होऊन पाह्यलं होतं म्हणून त्याले बाईचं कळे. बाई दिवसभर उभी राहून कंबर कशी धरते, हे त्यानं स्वतः धरून पाह्यलं होतं.

त्याच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. इथं लिहिते. बरं झालं तो नाच्या होता. माह्यं नशीब.

एक फोटो तेवढा राह्यला त्याच्या राणीचा. तो बी सासूच्या नावानं. मी गेल्यावर कोण सांगीन?

२८ एप्रिल

सासूची बी काळजी लागून राह्यली. अखजीले पितराइच्या नावानं एक घागर पुंजाजीच्या टोपीवाल्या फोटोपुढं भरतो, एक तिच्या. म्हणजे अकरा वर्षांपासून दोन्ही घागरी हाच पिऊन राह्यला अन् दोन्ही ताटं हाच खाऊन राह्यला. ती तिकडं उपाशी बसून मले शिव्या देत असन.

३० एप्रिल, अखजी

सांगतलं.

देवानंद घागर भरून आला. आंघोळ केलेला, कपाळाले गंध. फोटोपुढं ठेवाले वाकला तसं म्या म्हटलं, "देवा, थांब. तो तुहा बाप आहे."

सगळं सांगतलं. उज्ज्वला, जानरावजी, मालेगाव. घागर हातातच. पाणी हिंदकळून त्याच्या पायावर सांडून राह्यलं.

"म्हणजे म्या आजवर..."

"हो."

त्यानं घागर ठेवली. हळू ठेवली. जेवला नाही. राखीले काहीच कळेना, ती माह्या तोंडाकडं पाहे. तो वावरात गेला तो दिवस मावळताना आला. ओसरीत बसून पाय धुतले. माह्याकडं न पाहता म्हणे, "माय, त्यानं माह्यासाठी गाणं बंद केलं. मी मोठा झालो, मले लेकरू झालं, तरी म्या त्याले एकदा बी म्हटलं नाही का बाबा, म्हण आता."

म्या ताट वाढलं.

अर्धी पोळी झाल्यावर म्हणे, "त्या बाईले नाव पुरं लिहाले सांग. अर्धं नको."

२ मे

काल उज्ज्वलाले हो म्हणून कळवलं. मंग कामरगावले म्याच फोन केला. लोकाइच्या तोंडून कळण्यापेक्षा माह्या तोंडून कळू दे. पोराच्या मायले सांगतलं, "पोरीचा आजा तमाशात नाच्या होता. बाई होऊन नाचे. मालेगावात फोटो लागणार आहे, पुऱ्या नावानिशी. पटत असन तं या, नसन तं आजच सांगा."

राखी दाराआड उभी होती, तिच्या बांगड्या वाजल्या म्हणून कळलं.

मंग पोराची माय हळूच म्हणे, "मामाले सांगू नका, त्याले हसता येत नाही. आमाले पोरगी पसंत आहे. अन् आमचा पोरगा बी भाकरी थापते हो आजी, मी दुखण्यात होती तवा शिकला. तुमी कोणाले सांगू नका."

म्हटलं, माह्याएवढी गुपितं ठेवणारी बाई तुमाले भेटणार नाही.

४ मे, रईवार

देवानंदच्या मोटारसायकलवर मालेगावले गेली. कंबर मोडली, पण गेली.

हॉलभर फोटो. बहुरूपी, डफवाले, पोट फुगलेले सोंगाडे, सारे मेलेले अन् सारे हसून राह्यलेले. मधोमध पुंजाजी, दरवाज्याएवढा मोठा केलेला. शाळेच्या पोट्ट्या त्याच्यापुढं उभं राहून मोबाईलवर फोटो काढून राह्यल्या होत्या. "काय सुंदर आहे ना," एक म्हणे. देवानंद बाजूलेच उभा होता. तिले म्हणे, "माहा बाप आहे." त्या पोरीले खोटं वाटलं. त्यानं पुन्हा सांगतलं, मोठ्यानं.

उज्ज्वलाचा हात धरून म्या म्हटलं, "बाई, तुह्ये उपकार." ती रडली. मी नाही. मले घाई होती, जानरावजी बोलवत होते.

५ मे

काल हॉलात जानरावजीनं मले खुर्चीजवळ बसवलं. "वहिनी, मले दिसत नाही. फोटोखाली काय लिहेल आहे?" म्या अक्षरं जोडत वाचलं, "राणीच्या सोंगात पुंजाजी," अन् पुढं बापाचं नाव, आडनाव, गाव, सारं.

ते म्हणे, "आता तरी खरं लिहा. जत्रेच्या त्या दिवशी पुंजा तापानं पडला होता. खेळ मोडत होता. त्याची माय उभी राह्यली. गाणी तिनंच शिकवेल होती त्याले. लोकाइले वाटलं पुंजाच आहे. फोटो बी तिचाच निघाला. विधवा बाई तमाशात नाचली हे कळतं तं गावानं तिले ठेवलं नसतं, म्हणून आमी मागं पुंजाचं नाव लिहिलं. तुमाले त्यानं सांगतलं नाही?"

नाही सांगतलं. साऱ्या गावाले खरं सांगे, "ही माही माय." खोटं फकस्त मले सांगतलं. माह्या जिभेच्या भेवानं.

बरं केलं. नवऱ्याचं झाकलं, सासूचं तवा मी बोलली असती.