पाण्याची बादली

४ मार्च
आप्पा तबेल्याच्या पायरीवरून घसरले. मांडीचं हाड मोडलं. दोन महिने अंथरुणात! आणि उद्या नवा घोडा येतोय.
आजवर प्रत्येक नवा घोडा आधी आप्पांकडे, मागच्या बंद शेडमध्ये. तिकडे कुणी फिरकायचं नाही, मीसुद्धा. "पहिले दिवस माझे, मग घोडा तुझा." एका सकाळी बोलावणं यायचं — बादली घेऊन ये. मी दार उघडायची आणि घोडा थेट माझ्याकडे यायचा. त्यावरच तर माझं नाव झालं. लोक म्हणतात, हिला घोड्याचं मन कळतं.

७ मार्च
नवा घोडा, काळा, माझ्या दंडाला कडकडून चावला. कान मागे, शेपटी ताठ — सगळं वाचता येतंय मला, करता मात्र काही येत नाही. बादली पुढे केली तर पाठ फिरवली! त्याचे मालक कठड्याला टेकून बघत होते. "बाई, तुमचं नाव ऐकून आणला होता हो." मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर घेऊन जाणार म्हणे. एक गेला की बाकीचे मालक तरी कशाला थांबतील?
पट्टी बांधताना मोतद्दारकाका पुटपुटले, "आप्पांचे पहिले दिवस झालेच नाहीत ना याचे."
म्हणजे काय, विचारलं. "आप्पांनाच विचार," म्हणत ते गाठ मारून उठले.

८ मार्च
आप्पांना विचारायचं धाडस होत नाही.

९ मार्च
विचारलं. आप्पा उशीला टेकून संत्रं सोलत होते. हात थांबलासुद्धा नाही.
"पुढचा पाय वर बांधून ठेवायचा. दमून कोसळला की सोडायचा. आणि पाणी तोडायचं."
पाणी?
"अगदी जीव जाणार नाही इतपतच द्यायचं, तू येईपर्यंत. मग पोटभर पाणी देणारी तू एकटी." माझा चेहरा बघून म्हणाले, "असं काय करतेस, बाळा? मुलीच्या हाती कोण घोडे देणार होतं? तुझ्यासाठीच केलं ना."
तोंडावर नुसती माया. संत्र्याची फोड पुढे केली. मी घेतली. खाल्लीसुद्धा! शिसारी येते, आणि बाप आहे तो माझा.

१० मार्च
काय काय शिकवलंय मी माझ्याकडे घोडे शिकायला येणाऱ्या पोरांना! घोडा आपल्याला निवडतो म्हणे. दर वर्षी नव्या वर्गापुढे बुटक्याला आणते. माझा पहिला घोडा, आता म्हातारा झालाय. माझ्या हातात बादली दिसली की धावत येतो, तळ दिसेपर्यंत पितो. बघा, किती जीव आहे माझ्यावर! सगळे कौतुकाने हसतात.

११ मार्च
सकाळी बुटक्याकडे गेले, बादली न घेता. त्याची पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली होती. तो धावत आला. माझे रिकामे हात हुंगले. पुन्हा हुंगले. मग थरथरायला लागला.