खाकी कव्हरातलं पुस्तक

२ ऑगस्ट

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तू पोचल्याचं मावशीकडून कळलं. फोनवर बोलणं मला जमत नाही हे तू जाणतेस. फोन आई करायची आणि मी शेजारी बसून मान हलवायचो. म्हणून हे पत्र.

सुट्टीत तू आईच्या कॉटशेजारी बसून अभ्यास करायचीस, ती तुझ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाची पुस्तकं स्टुलावरच राहिली. परत करायची तारीख उलटायला आली होती. सेमिस्टरच्या तोंडावर तुझं कार्ड अडकायला नको, म्हणून मी सगळी बांधून रजिस्टर पार्सलनं ग्रंथालयाला पाठवली आहेत. आईनं घरातल्या पुस्तकांसारखी त्यांनाही खाकी कव्हरं घातली होती. ती मी काढली नाहीत. सोबत ग्रंथपालांच्या नावे रीतसर पत्र जोडलं आहे. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढण्यात सारी नोकरी गेली, पण पत्राशिवाय नकाशाची एक गुंडाळी मी कधी बाहेर जाऊ दिली नाही.

तुमच्या ग्रंथालयाच्या सोयींचं पत्रक आईनं फ्रिजवर चिकटवलं होतं, ते अजून आहे. हवं ते पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून देतात, विषय सांगितला की संदर्भ शोधायला मदत करतात, बसायची जागाही राखून मिळते. आई म्हणायची की एवढं असून पोरगी मागे पडली तर त्याला लायब्ररी जबाबदार नाही. तेव्हा या सगळ्याचा उपयोग करून घे.

माझी काळजी नको. स्वयंपाक मी करतो. मीठ कधी दोनदा पडतं, कधी पडतच नाही. सरासरी ठीक आहे.

उत्तर दोन ओळींचं आलं तरी चालेल. लोभ आहेच.

बाबा


१० ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. माझ्या कार्डावर आता एकही पुस्तक बाकी नाही. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या की इतक्या व्यवस्थित बांधलेलं पार्सल इथे आजवर आलेलं नाही, तुमचे वडील पोस्टात होते का? मी म्हटलं, नाही, पण असायला हवे होते.

कव्हरं मात्र त्यांना काढावी लागली. पुस्तकाचा नंबर आणि पट्ट्या झाकल्या जातात, त्यामुळे नियमच आहे. मी पोचले तेव्हा सगळा खाकी कागद टोपलीत गेलेला होता. इतकी सुबक कव्हरं कोणी घातली असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आईनं. ती आता नाही, हे सांगायच्या आत मागची रांग पुढे सरकली.

मी रोज लायब्ररीत जाते. खिडकीजवळची जागा राखून घेतली आहे. संदर्भ विभागातल्या बाईंनी माझ्या प्रोजेक्टसाठी, म्हणजे विहिरींच्या पाण्याच्या पातळीवर, काय काय वाचायचं ते काढून दिलं. वाचनकक्षात कुणी कुणाशी बोलत नाही, हे मला बरं वाटतं. खोलीतली मैत्रीण फार विचारपूस करते.

मीठ एकदाच घाला, आणि घातल्यावर डबा फळीवर ठेवून द्या, म्हणजे लक्षात राहील.

तुमच्या लोभात आहे, असंच राहू द्यावं.

भिंगरी


१९ ऑगस्ट

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ. वि. वि.

एक काम आहे. दीपगृहाच्या रखवालदाराच्या आठवणींचं आईचं जुनं पुस्तक घरात मिळत नाही. खाकी कव्हराखाली निळं कापडी आहे. कपाट, माळा, कॉटखालची ट्रंक, सगळं पाहिलं. तेही त्याच स्टुलावर होतं. तेव्हा माझ्याच हातून ते पार्सलमध्ये गेलं असणार. सगळी कव्हरं सारखी, आणि त्या दिवशी माझं डोकं जागेवर नव्हतं.

चौकशी करावी. घाई नाही.

बाबा

ता. क. घाई थोडी आहे.


३ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पुस्तक पार्सलमध्येच होतं. पण बाबा, तुम्ही पत्रात लिहिलं होतंत की सोबतची पुस्तके स्वीकारून उपकृत करावे. ज्या पुस्तकांवर शिक्के होते ती त्यांनी परत जमा केली. ज्यावर नव्हता, ते भेट म्हणून स्वीकारलं. देणगी विभागाच्या साहेबांनी मला ते पत्र दाखवलं. खाली तुमची सही, तारीख, जावक क्रमांकसुद्धा! घरातून जावक क्रमांक कोण घालतं? मला हसू आलं आणि मग तिथे थांबवेना.

साहेब म्हणाले की एरवी अशी जुनी पुस्तकं ते परत पाठवतात. पण हे त्यांच्याकडे नव्हतं आणि आता छापलंही जात नाही, म्हणून दाखल करून घेतलं. शिवण सुटली होती, तेव्हा ते बांधणीला गेलं आहे. दुसरी प्रत कुठून मागवता येते का तेही संदर्भ विभागातल्या बाईंनी माझ्यासमोर शोधलं. कुठेच नाही.

एक विचारू का? तुम्ही तर वर्तमानपत्रापलीकडे काही वाचत नाही. आई ते पुस्तक हातात द्यायची तर तुम्ही त्यातला नकाशा चुकलाय म्हणून परत द्यायचात. मग आता ते कशाला हवं आहे?

कळवावं. रागावू नये.

भिंगरी


१५ सप्टेंबर

चि. भिंगरी,
अनेक आशीर्वाद.

अगं, तुझे बाबा तुला काही कळवणार नाहीत, म्हणून मीच लिहिते. परवा घरी जाऊन आले. माझ्या बहिणीची कॉट आहे तिथेच आहे, चादरसुद्धा बदललेली नाही. समोर त्यांची खुर्ची. मी म्हटलं, भावजी, ही कॉट आता आतल्या खोलीत ठेवू या, मी एक टोक धरते. तर म्हणाले, काम अर्धवट आहे. कसलं काम, ते सांगायला तयार नाहीत. मी आणलेल्या डब्याला छान म्हणाले आणि झाकण न उघडताच छान म्हणाले.

तुला ठाऊक नसेल, शेवटी शेवटी तिला डोळ्यांपुढे धरून वाचवेना, तेव्हा तू घरात नसलीस की तुझे बाबा तिला पुस्तक वाचून दाखवायचे. हे! जे लग्नपत्रिकासुद्धा मनात वाचतात! तिनं मला हसत सांगितलं होतं की टेंडर वाचल्यासारखं वाचतात, पण वाचू दे, बिचाऱ्यांना हाताला काही काम तरी.

आणि तू गं? तुझ्या खोलीतली मैत्रीण माझ्याशी फोनवर बोलली. म्हणाली, ती सकाळी लायब्ररीत जाते, बंद झाली की परत येते, आणि वहीत एक अक्षर नाही. कुणाला फसवतेस, बाळा? एक तिकडे बसलाय, एक इकडे बसलीय. मी दोघांमध्ये किती धावू? माझे गुडघे मला आधीच टोमणे मारतात.

ओरडते म्हणून माया कमी समजू नकोस.

मावशी


४ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मावशीनं तुम्हाला सांगितलंच असेल. नसेल तर मी सांगते. प्रोजेक्ट मी सुरूच केलेलं नाही. खिडकीशी बसते, पुस्तक उघडते, तीच ओळ पुन्हा वाचते. मग उठून देणगी विभागात जाते आणि बांधणीहून गाडी आली का विचारते. हल्ली मला बघितलं की साहेब लांबूनच मान हलवतात. या सेमिस्टरमध्ये मी लायब्ररीचा उपयोग केला तो एवढाच.

पुस्तक परत आलं आहे. मी हातात घेतलं. बाबा, त्यांनी ते फार चांगलं बांधलंय. नवा पुठ्ठा, पाठीवर नंबर. कडा कापून सारख्या केल्यात. आई पानांचे कोपरे दुमडायची ना, कव्हर घालणारी बाई कोपरे कशी दुमडते म्हणून तुम्ही चिडायचात. ते सगळे उघडून सपाट केलेत. ती कुठपर्यंत आली होती ते शोधायला मी एकेक पान उजेडात धरलं. काही कळत नाही.

परत मिळणार नाही. एकदा दाखल झालेलं पुस्तक काढता येत नाही. साहेबांना वाईट वाटलं, ते माणूस म्हणून चांगले आहेत. म्हणाले, कार्डावर घरी ने, हवं तितक्यांदा मुदत वाढव, मात्र मध्ये कुणी मागणी नोंदवली तर वाढवता येणार नाही. मी कार्ड आणायला खोलीवर गेले. तेवढ्यात ते नव्या पुस्तकांच्या फळीवर गेलं आणि कुणीतरी घेऊन गेलं. आता मी मागणी नोंदवली आहे. पुढचा नंबर माझा.

परीक्षेला मी बसणार नाही. बोलायचं ते बोला, फक्त लोभ काढून घेऊ नका.

भिंगरी


१३ ऑक्टोबर

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ. वि. वि.

परीक्षेबद्दल मी काही बोलत नाही. अशा वेळी काय बोलायचं ते आईला माहीत असायचं. मी बोललो तर ते तिचं उसनं होईल आणि तुला लगेच ओळखू येईल. तुला जमेल तसं कर. घरीच कायमची ये, असं मात्र म्हणणार नाही.

कोपरे गेले तर जाऊ देत. कुठे थांबलो ते मला माहीत आहे. वाचत मी होतो.

रखवालदार खडकावर एकटा असतो. सामानाची होडी यायची असते, ती येत नाही. समुद्र खवळलेला. पीठ संपत आलेलं, दिव्याचं तेलही. तो रोज गच्चीवर जाऊन पाहतो. तिथपर्यंत वाचलं तेव्हा दुपार होती. तिनं डोळे मिटले होते, मला वाटलं झोप लागली. तर म्हणाली, तुमचा घसा बसलाय, उरलेलं उद्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथे पुस्तक नेण्याचं सुचलं नाही.

उरलेलं वाचायचं आहे, एवढंच. तुझा नंबर लागला की घेऊन ये.

बाबा


२० नोव्हेंबर

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ. वि. वि.

सुट्टीत तू पुस्तक घेऊन आलीस, पण तू घरात असताना माझ्यानं वाचवलं नाही. तू ओळखलंस आणि काही विचारलं नाहीस, हे बरं केलंस. तू गेल्यावर दुपारी खुर्ची ओढून बसलो. मोठ्यानं वाचलं. टेंडरसारखंच.

होडी येते. जिथे थांबलो होतो तिथून अर्ध्या पानावर येते. पान उलटायचंसुद्धा नाही. रखवालदार गच्चीवरून खाली येतो, चुलीत शेवटचं लाकूड घालतो, आणि होडीवाल्याची हाक ऐकू येते. अर्धं पान, भिंगरी. माझा घसा तितका बसला नव्हता.

पुढचं सगळं वाचून संपवलं. पुढे तो म्हातारा होतो, दिवा विजेवर होतो, विशेष काही नाही. वाटलं होतं की संपलं की काहीतरी होईल. काही झालं नाही. कॉट होती, मी होतो. संध्याकाळी दूधवाला आला म्हणून उठलो.

तुझ्यामागे कुणाची तरी मागणी लागली आहे असं तू म्हणाली होतीस, म्हणून मुदतीआधी पुस्तक तुझ्याकडे पाठवतो. मी त्याला खाकी कव्हर घातलं आहे. तिच्यासारखं जमलं नाही, एक कोपरा फुगला आहे. सोबत पत्र जोडलेलं नाही.

मावशीला सांग, रविवारी कॉट हलवू. एक टोक तिनं धरावं. गुडघ्यांना विचारून.

बाबा


२८ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पुस्तक मुदतीत परत केलं. कव्हर काढू नका असं मी काउंटरवरच्या बाईंना म्हणाले. त्या म्हणाल्या, नियम आहे गं. पण या वेळी त्यांनी ते टोपलीत टाकलं नाही. सांभाळून सोडवलं आणि माझ्या हातात दिलं.

मागणी नोंदवणारी मुलगी माझ्यामागेच उभी होती. पुस्तक चांगलं आहे का, असं तिनं विचारलं. मी तिला सांगितलं की होडी येत नाही तिथे आलीस की थांबू नकोस, अर्धं पान पुढे वाच. तिनं माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. तिला फक्त दिव्याच्या भिंगांवरचं प्रकरण हवं होतं. ते झेरॉक्स करून ती उद्याच परत करणार आहे.

पुढच्या सेमिस्टरसाठी नाव घातलं आहे. संदर्भ विभागातल्या बाईंनी माझी विहिरींची पुस्तकं अजून बाजूला ठेवली आहेत. त्यातलं एक आज घेऊन आले. वाचवेल की नाही माहीत नाही. तुमचं कव्हर त्याला घालून पाहिलं, पण ते पुस्तक मोठं आहे. तुमच्या घड्या दीपगृहाच्या मापाच्या आहेत, दुसऱ्या कशावर बसत नाहीत. तसंच रिकामं टेबलावर उभं करून ठेवलं आहे. उभं राहतं.

कॉट हलवलीत का, ते मावशीनं नाही, तुम्हीच लिहावं. लोभ होता तसा असावा, आई असताना होता तेवढा.

भिंगरी