तिसरी ओळ कुणाची?

नागाव. मंगळवार, दिवेलागणीला.

आज पुन्हा ती तिसरी ओळ. एका प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाचं समुद्रावरचं वचन मी महिनाभर मराठीत आणतोय. एकच पाणी माशाला जगवतं आणि माणसाला सोसत नाही, एवढंच तो सांगतो. मग माझ्या वहीत पुढे हे कुठून आलं, की मेलेल्या माशालाही मीठच टिकवतं? सगळ्यात देखणी ओळ हीच. म्हणूनच संशय आला. परक्याचं बोलणं मराठीत इतकं अलगद बसत नाही.

मूळ वचन पुन्हा शब्दाला शब्द लावून पाहिलं. त्यात मीठ नाही. मेलेला मासा तर नाहीच. वाटलं, कुणा इंग्रजी भाषांतरकाराने घुसडलं असेल. ती भाषांतरंही चाळली. उगाच त्यांच्यावर आळ घेतला.

पाच वाजता मासळी आणायला हिरामावशीकडे गेलो. ती बांगड्यांना मीठ चोळत होती, आणि चोळता चोळता नेहमीचंच बोलली, "खाऱ्या पान्यात जगला, मेल्याव बी मिठातच टिकतंय. दुसरा काय हाय त्याला?"

बांगडे पिशवीत टाकले आणि तडक निघालो.

घरी येऊन ओळ खोडली. आधीच्या वचनांत आणखी कुणाकुणाचं काय शिरलंय, देव जाणे. पण खुपतंय ते वेगळंच. गेल्या आठवड्यात हेच वचन मी मावशीला ग्रीकाचं म्हणून वाचून दाखवलं होतं. तिसऱ्या ओळीला ती हसली. म्हणाली, "शाना हाय हो तुमचा मानूस, मास्तर."

तेव्हा ती हसली ते ग्रीकाला, की मला?