अंगठ्याकडं बघून नजर येती का?

मंगळवार, दिवेलागण

सुनेला कुणी सांगितलं मला डोळ्यांची कसरत शिकवायला? मोबाईलमधला बाबा म्हणतो, अंगठ्याकडं बघा, बुबुळं फिरवा, म्हातारपणी चष्मा सुटंल. आमचे मालक बी असंच करायचे. काचबिंदूनं नजर गेली, तरी अंगठा डोळ्यांपुढं धरून बसायचे. शेवटी भिंत चाचपत मोरीला जायचे.

आज बल्बाभोवती रंगीत कडं दिसलं. त्यांना बी आधी तेच दिसलं हुतं. सून म्हणाली, "आत्याबाई, कसरत वाढवा." म्हटलं, "तुझी जीभ रोज कसरत करती, सुधारली का?"

ती हसली. मला मालकांचा अंगठाच दिसत राहिला. कडं अजून हाय.

उद्या कोपरगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचं. कसरतीनं नजर येती का, हे डॉक्टरनंच सांगायचं. सुनेनं मधी तोंड घालायचं न्हाई.