नळीच्या टोकाला

३ मार्च, सोमवार
आले बाई एकदाची! खोली लहान आहे, पण खिडकीशी टेबल आहे, नळाला गरम पाणी येतं. आणखी काय हवं? काम सरळ. फुप्फुसं जखमी झालेल्या डुकरांना बेशुद्ध ठेवून व्हेंटिलेटर लावायचा आणि कोणत्या पद्धतीनं फुप्फुसं जास्त टिकतात ते बघायचं. पहिलं मशीन स्वतःच्या ठेक्यानं हवा ढकलतं. दुसरं शहाणं: जनावरानं स्वतः जरा श्वास ओढला, तरच हवा देतं. मोठे डॉक्टर म्हणाले, महिनाभर तुम्ही एकट्याच. म्हटलं, बरंच झालं, कुणाची कटकट नाही.

७ मार्च, शुक्रवार
कसलं बरं! दिवसभर बोलायला चिटपाखरू नाही. आई फोनवर म्हणाली, आवाज बसलाय तुझा. न वापरून बसलाय, दुसरं काय. फार एकटं वाटतं. लिहूनच टाकते.

१२ मार्च
दुसऱ्या मशीनवरचं डुक्कर, माझा ढब्बू, गेलं. जिवाला चुटपुट लागली. नळी काढून धुतली, मशीन तपासायला चालू ठेवलं, तर ते हवा देऊ लागलं. नळीच्या टोकाला कुणीच नाही! मशीनवाला फोनवर हसला. म्हणाला, नळीत पाणी राहिलं की ते फसतं, झटका जरा. झटकली. थांबलं नाही.

१५ मार्च
बंद करवत नाही. दुपारचा डबा तिथेच खाते. मी बोलले की मशीनचा श्वास थांबतो, गप्प बसले की पुन्हा सुरू. माझं इतकं मन लावून कुणी ऐकलंच नव्हतं.

१८ मार्च
आईशी बोलत होते. मशीन धापा टाकायला लागलं. फोन ठेवला तसं शांत. अगं बाई, हे रुसतंय की काय?

२० मार्च
नळी गालाला लागली. आतून कुणीतरी ओढलं. माझा श्वास गेला तो गेलाच. आता आपोआप येत नाही, आठवणीनं घ्यावा लागतो. झोपू कशी?

२१ मार्च
प्लग काढला. मशीन बंद आहे. नळी अजून ओढतेय —

आईचा फोन. शब्द फुटेना. ती घाबरली. म्हणाली, निघालेच.

२२ मार्च
मशीनच्या खोलीतच आहे, दार आतून लावलंय. श्वास अर्धाच — उरलेला तिकडे —

आई आली. दार ठोठावतेय. इतके दिवस कुणीतरी यावं म्हणून रडले, आणि आता —

ओरडता येत नाही. नळी दाराकडे वळलीय. हे पान फाडून दाराखालून सरकवते.

आई, आत येऊ न