देवघरापाशी चपला

मॅडम, काल दुपारी लेकीचा फोन आला. तिच्या कॉलेजच्या गावात टॉर्नेडोचा सायरन झाला होता आणि ती हॉस्टेलच्या तळमजल्यावर मैत्रिणींबरोबर भिंतीला टेकून बसली होती. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "बाबा, शूज ऑन आहेत. चिल." थोड्या वेळाने धोका टळल्याचा मेसेजही आला, पण माझं कामात लक्ष लागेना. इथे टेक्ससमधल्या प्लेनोच्या ऑफिसात बसून मी दुपारभर तुमचाच विचार करत होतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला आता मला थोडं थांबावं लागतं. तुमचा आवाज मात्र ताबडतोब ऐकू येतो. "काहून रे, पायात काही आहे का?"

दोन हजार एकमध्ये मी आणि माझा रूममेट, दोघेही सोलापूरचे, कॅन्ससच्या माळावरच्या त्या कॉलेजात येऊन पडलो. तुम्ही स्टॅटिस्टिक्स शिकवायचात. मूळच्या नागपूरच्या, त्यामुळे रविवारी जेवायला बोलवायचात आणि जेवता जेवता झापायचातही. तुमच्या घरात चपला घालून पाऊल टाकायची कोणाची टाप नव्हती. एकदा डीन आले, तर त्यांनाही पोर्चमध्ये वाकून बुटांच्या नाड्या सोडाव्या लागल्या. आणि एप्रिल लागला, वादळांचे दिवस आले की त्याच तुम्ही आमच्या धुळकट चपला स्वतःच्या हाताने गोळा करून आत आणायचात. ठेवायचात कुठे, तर तळघरात, थेट देव्हाऱ्याच्या शेजारी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, "मॅडम, देव बाटले की." तुम्ही भाजी वाढता वाढता म्हणालात, "देवाला चालते. वादळ निघून जाते रे बाप्पा, काचा राह्यतात. खिळा घुसला तर देव येणार आहे का काढायले?" आम्ही हसलो. तुम्ही काही हसला नाहीत.

आमचा प्रॉब्लेम वेगळाच होता. गिरणीचे भोंगे ऐकत वाढलेली पोरं आम्ही. भोंगा झाला की सोलापुरात लोक घड्याळ लावतात आणि कूस बदलतात. तिथे गावात दर महिन्याला सायरनची टेस्ट व्हायची, त्यात आम्ही ढाराढूर झोपलेलो असायचो. तुमच्या कानावर हे गेलं तेव्हा भर वर्गानंतर थांबवून तुम्ही आमची बिनपाण्याने केलीत. "सायरन झाला की बाथटब, वरून गादी. समजलं?" आम्ही माना डोलावल्या. असल्या माना आम्ही दिवसातून खूप डोलावत होतो.

मग तो मेमधला रविवार. फायनल्स तोंडावर आलेल्या. रूममेट मेसमधली सकाळची शिफ्ट करून आला होता, म्हणाला, "तू हो पुढं, मी जरा पडतो आणि येतो." तुमच्याकडे पानं मांडून झाली होती. खिडकीबाहेर आभाळ हिरवट झालं आणि सायरन सुरू झाला. तुम्ही गॅस बंद केलात आणि सगळ्यांना खाली ढकललंत. देव्हाऱ्यासमोर आम्ही बूट घालून उकिडवे बसलो. मी त्याला फोन लावतोय, लागत नाहीये. डोळ्यापुढे तो पालथा झोपलेला दिसतोय. कानांना दडे बसतात, वर काहीतरी प्रचंड घसटत जातं, दिवे जातात, आणि तुम्ही अंधारात माझं मनगट घट्ट धरून ठेवता. मी तेव्हा इतका घाबरलो होतो की तुमच्यादेखत रडलो.

तुमचं घर वाचलं, स्वयंपाकघराच्या काचा तेवढ्या गेल्या. पण आम्ही राहायचो त्या स्टुडंट अपार्टमेंट्सच्या बाजूला पाहिलं तर ओळखीची छपरंच नव्हती. तुम्ही पांढऱ्या कॅन्व्हासच्या बुटांच्या नाड्या आवळल्यात आणि सलवार वर खोचून चालू लागलात. रस्ताभर काचा, खिळे, पत्रे. आम्ही चालू शकलो ते केवळ पायात बूट होते म्हणून. कॉलेजची पोरं जागोजागी अनवाणी अडकून उभी होती. आमच्या खोलीचं दार नव्हतं, अर्धं छप्पर नव्हतं. तुम्ही त्याच्या नावाने अशी हाक मारलीत की मी दचकलो. बाथरूममधून आवाज आला, "हितंच हाय, मॅडम." गादीखालून त्याचं डोकं निघालं. या वेळी बेटा उठला होता. तुम्ही त्याला नीट पाहिलंत आणि म्हणालात, "चपला कुठी आहेत तुझ्या?" त्या सोलापूरच्या रीतीने दाराबाहेर काढलेल्या, म्हणजे आता देव जाणे कुठल्या शेतात. तेव्हा तुम्ही टबच्या काठावर बसलात, स्वतःचे बूट काढून त्याच्या पायात चढवलेत, आणि स्वतःच्या पायांना टॉवेल गुंडाळलेत. मी माझे बूट काढू लागलो तर म्हणालात, "तू त्याले धर." परत येईस्तोवर टॉवेल लाल झाले होते.

तुमच्या वर्गात पहिल्या रांगेत बसणारी, गव्हाच्या शेतकऱ्याची मुलगी त्या वादळात गेली. सगळ्या कॉलेजने फुलं पाठवली, कार्डं पाठवली. तुम्ही मला म्हणालात, "गाडी काढ. भेटायले जाऊ." न कळवता, आपल्याकडे जातात तसं. मला प्रचंड ऑकवर्ड वाटत होतं, आणि तसं म्हणालोही. "दुःखाच्या घरी अपॉइंटमेंट घेऊन जातात का?" असं तुम्ही विचारलंत आणि मी गाडी काढली. त्यांच्या दारात तुम्ही सवयीने बूट काढलेत. आत जाऊन त्या आईच्या शेजारी बसून राहिलात. सॉरी नाही, काही नाही. मग त्या बाईंचं लक्ष तुमच्या बँडेज बांधलेल्या पायांकडे गेलं आणि त्यांनी हळू आवाजात विचारलं, "व्हॉट हॅपन्ड टु युअर फीट?" तुम्ही रूममेटची सगळी हकीकत सांगितलीत. ती ऐकता ऐकता त्या आपल्या मुलीबद्दल बोलायला लागल्या, लहानपणापासूनचं, आणि संध्याकाळपर्यंत बोलत राहिल्या. तुमच्यासारखं मोठं माणूस मी जवळून दुसरं पाहिलेलं नाही, मॅडम. हे तुम्हाला तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही मला भांडी घासायला बसवलं असतं.

दोन हिवाळ्यांनी आजाराने तुम्हाला नेलं. फ्यूनरल होममध्ये सगळे काळे बूट घालून उभे होते. तुम्हाला छान हिरवी साडी नेसवली होती आणि तुमचे पाय उघडे होते. रीतच आहे ती, मला माहीत आहे. पण माझी नजर तिथून हलेना. तळव्यांवर त्या दिवसाचे वण होते.

हे कुठे पाठवणार, आणि पाठवलं असतं तरी तुम्ही शुद्धलेखनाच्या चुका काढून परत केलं असतं, तेव्हा इथेच राहू दे. एक मात्र सांगून टाकतो. दर एप्रिलला मी घरातल्या सगळ्यांच्या चपला देवघरापाशी आणून ठेवतो. बायको पुण्याची, ती आता त्यावरून बोलायची थांबली आहे. त्यांत एक जोड जास्तीचा असतो, पांढऱ्या कॅन्व्हासचा, तुमच्या मापाचा. ते माप आमच्या घरात कोणाचंच नाही. बायकोने विचारलं तेव्हा मी पाहुण्यांसाठी आहे म्हणून सांगितलं.